ट्रंकेच्या मापाचे घोडे

चंदीगडला बदली होऊन आलो त्याच्या आदल्या वर्षी माझा नवरा घोड्यावरून पडला. फौजी माणूस, अडथळ्यांवरून घोडा उडवण्याच्या स्पर्धांत पलटणीकडून उतरायचा. मणक्याला मार बसला आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता घोड्याचं नाव काढायचं नाही. याने ते इतकं मनावर घेतलं की खरंच नाव काढलं नाही. लेकीशी बुद्धिबळ खेळतानासुद्धा घोड्याला "हा" म्हणायचा! बाकी आमचं सगळं उत्तम चाललं होतं, असं तोच सगळ्यांना सांगायचा.

त्याला घोड्यावर बसायला शिकवणारे कर्नलसाहेब निवृत्त होऊन इथंच एका सेक्टरात राहतात. आम्ही आलो तसे ते भेटायला आले आणि एक लांब नळकांडं देऊन गेले. आत चित्र आहे म्हणाले. नवरा "थँक यू सर" म्हणाला आणि नळकांडं कपाटामागे गेलं. वर्षभर तिथंच.

एका दुपारी मीच ते उघडलं. परदेशातली कसलीशी स्पर्धा. परातीएवढ्या टोप्या घातलेल्या बायका, हातात उंच पेले, आणि मधोमध अडथळ्यावरून उडणारा तांबूस घोडा. सगळं इतकं चकाचक की घोडा लीद टाकतो ही बातमी चित्रकारापर्यंत पोचलीच नसावी. घोडा मात्र झकास होता. वाटलं, भिंतीवर लावू. रोज जेवताना दिसला तर कधीतरी हा माणूस तोंड उघडेल. त्याच्या गप्प बसण्याचा मला वीट आला होता, आणि खरं सांगायचं तर भीती वाटायला लागली होती.

आता आम्हा फौजी बायकांचं एक शास्त्र आहे. दर दोन-तीन वर्षांनी अख्खा संसार काळ्या ट्रंकांत भरायचा, म्हणून ट्रंकेत मावत नाही ती वस्तू आपली नाही. आमच्या सगळ्या फ्रेमा एकाच मापाच्या, दोन रजयांच्या मधे सरकतील अशा. इथल्या मनीमाजरा बाजारातल्या फ्रेमवाल्याला मी तेच माप दिलं. तो बिचारा म्हणाला, "मॅडमजी, नीचे का सफेद कागज काटना पडेगा. पक्का?" खाली पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं होतं. मला वाटलं, दुकानदाराने किंमत लिहिली असणार. मी पडले शहाणी! म्हटलं, "पक्का. काट दो जी."

चित्र लागलं. नवऱ्याने "छान" म्हणून त्याच्याकडे पाठ केली आणि भाजी वाढून घेतली.

रविवारी कर्नलसाहेब चहाला आले. चष्मा लावून थेट चित्राच्या खालच्या कोपऱ्यात वाकले. बराच वेळ शोधलं आणि विचारलं, "नंबर कहाँ है?" मी झालं होतं ते सांगून टाकलं. मग त्यांनी मला शांतपणे शिकवलं की असं चित्र मोजक्याच प्रतींत छापतात, याच्या पन्नासच होत्या, आणि चित्रकार प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा घालून सही करतो. "आपने बढिया कॅलेंडर बना दिया," म्हणाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. लष्करी माणूस ओरडला असता तरी परवडलं असतं.

मग ते नवऱ्याकडे वळले. "मी कोणता नंबर मुद्दाम मागून घेतला होता, सांग हिला."

नवरा चटणीची वाटी सरकवत बसला. हातात अर्धा समोसा. मला त्याचा इतका राग आला! एक आकडा सांगायला काय जातं? म्हाताऱ्या माणसाचं तेवढं तरी मन राख ना.

"सर, मी ते कधी उघडलंच नाही," तो म्हणाला. "उघडलं असतं तर रडलो असतो."

कर्नलसाहेबांनी चष्मा काढला. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"सात. तुझ्या पहिल्या स्पर्धेत पाठीवर होता तोच," ते म्हणाले. "तो अब रो ले, बेटा."

आणि माझा नवरा तो समोसा तसाच हातात धरून हमसून हमसून रडला. दोन वर्षं मी याचीच वाट बघत होते, आणि आता मला ते बघवेना.