जागा काय आपोआप सुटत नाय

किस्से लई साठलेत राव! एक सांगून मोकळं व्हावं म्हणलं, तर त्याच्या मागं चार उभे. चिकलठाण्याच्या एका कंपनीत मी चपराशी. नाव गफूर, समदे चाचा म्हणतात. सही येती, बाकी अक्षरांची अन् माझी नुसती तोंडओळख. पण सर्व्हर रूमची किल्ली माझ्याच कमरेला!

त्या रूमला लागून माझी खोली. एक खुर्ची, एक पंखा, चहाची शेगडी. बावीस साल झाले तिथं. एक दिवस साहेब फीत घिऊन आले अन् भिंती मोजाया लागले.

"चाचा, सर्व्हर भरले. नवीन आणतोय. सोमवारपर्यंत खोली खाली करा."

मी म्हणलं, "साहेब, फीत उलटी धरली तुमी!"

नव्हती धरली. पण समदं परत मोजलं का नाय!

*

आमचे सर्व्हर तीन. तिघांत माल एकच. एक मुख्य, दोन नकलवाले. मुख्यानं लिव्हलं की ते दोघं मुकाट लिव्हून घेतात. वैशाली मॅडम ते सांभाळती, कन्नड तालुक्याची पोरगी. तिला म्हणलं, "तिघांत हुशार कोण?"

"सगळे सारखेच, चाचा."

"मंग एकालाच साहेब का केलं?"

मॅडम तोंड दाबून हसाया लागली. साहेब माझ्या मागंच उभे!

*

साहेबांनी जुना डेटा पुसला. सकाळपासून पुसत होते. बघतात तर डिस्क तेवढीच भरलेली!

"डिलीट झालं नाही का?"

"झालं सर," मॅडम म्हणली. "पण मशीन ती जागा स्वतःकडंच धरून ठेवतं, पुढं लागंल म्हणून. सोडवायची तर आतला माल दाटीनं बसवून त्याला आवळावं लागतं."

मला लगीच समजलं. कन्नडच्या गाडीत माणूस उतरून जातो, पण रुमाल सीटवरच!

साहेबांना नाय समजलं. ते कारनं येतात.

*

मंग साहेबांनी एका नकलवाल्याला आवळलं, अन् बाकीच्या दोघांची वाट बघत बसले. "एकमेकांची नक्कल करतात ना? करतील!" तीन चहा झाले. कुणी हललं नाय.

मॅडम म्हणली, "सर, पुसलेलं तिन्हीकडं पोचतं. जागा मात्र ज्याची त्यालाच सोडावी लागती."

मी कप उचलता उचलता म्हणलं, "साहेबांच्या घरी एकानं आंघोळ केली की समदे चकाचक होत असतील!"

*

साहेब भडकले. "मग राहिलेले दोन्ही एकदम आवळा!"

"मग तेवढ्या वेळात कामाचा भार कोण घेईल सर? एक एक करू. आधी दुसरा नकलवाला. मुख्य शेवटी. त्याला खाली उतरवायचं, दुसऱ्याला मुख्य करायचं, मंगच हात लावायचा."

"एवढा वेळ नाही. नवीनच आणा. चाचा, रूम उघडा, माणसं माप घ्यायला आलीत."

मी कमरेची किल्ली काढली, त्यांच्यासमोरच खिशात टाकली. "किल्ली हरवली साहेब."

"चाचा, नोकरी जाईल!"

"जाऊ द्या. खोली नाय जायची."

मॅडमला किल्ली लागतच नव्हती. ती आपली टेबलावरच्या कंप्युटरवरून आवळत बसली!

*

सोमवारी मालक आले. नवीन मशीन कुठं बसवणार, ते बघाया. साहेब केबिनीत त्यांना नकाशा दाखवत होते. मी फीत घिऊन आत शिरलो अन् केबिनीची भिंत मोजाया लागलो.

"चाचा, हे काय चाललंय?" साहेब वरडले.

"मोजतोय साहेब."

मालक म्हणले, "कशासाठी?"

"मालक, दोन्ही नकलवाल्यांची निम्मी निम्मी जागा सुटली. आता फक्त मुख्याला खाली उतरवायचं राह्यलंय. मॅडम म्हणती, तिथं लई जागा निघती!"

मालकांनी साहेबांकडं बघितलं. मंग माझ्याकडं. मंग खुर्चीवरून उठले, अन् फितीचं दुसरं टोक धरलं!