फोर नाही, नारळ

मुलुंडच्या आमच्या बागेत आता रविवारी सकाळी नुसते चालणारे लोक असतात. मीही चालते. मेंदीच्या कुंपणापाशी वळण येतं तिथे माझा वेग कमी होतो आणि मागचे लोक कुरकुरत मला ओलांडून जातात.

एक अख्खा हिवाळा एका खेळासाठी मी त्या वळणावर उभी असायचे. काम एकच, ओरडायचं. मला ओळखणाऱ्या कुणाला हे सांगितलं तर हसू येईल. शाळेत 'स्पीक अप' हा शेरा माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकात असायचा, आणि घरी मराठीत बोलतानाही मी वाक्य आधी मनात लावून घेते.

हा खेळ ज्यानं आणला तो आमच्याच गल्लीतला, शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होता. परदेशात शिकून परत आला तो डिस्क गोल्फ घेऊन. चेंडूऐवजी चकती आणि खड्ड्याऐवजी खांबावरची लोखंडी टोपली, वर साखळ्यांची झालर. चकती साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली की जो आवाज होतो, तो मला अजून कुठेही साखळी वाजली की आठवतो. टोपल्या त्यानं ओळखीच्या वेल्डरकडून करून घेतल्या. बागेच्या ऑफिसातून तोंडी परवानगी मिळाली, "लावा, पण तक्रार आली तर त्याच दिवशी काढायच्या."

मी बाकावर पुस्तक घेऊन बसलेली असताना तो म्हणाला, "बसून काय करतेस? ये ना."

मी गेले. माझी चकती दर वेळी डावीकडे वळून जास्वंदीत शिरायची. तो हसला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "तू बघतेस छान. तू वळणावर उभी राहा."

मी बघते, हे याआधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

अडचण तिसऱ्या टोपलीची होती. फेकायची जागा आणि टोपली यांच्या मधून चालायची वाट जायची, आणि मेंदीमुळे वळणामागचं माणूस फेकणाऱ्याला दिसायचं नाही. ही चकती चौपाटीवरच्या फ्रिस्बीसारखी हलकी नसते, कडेला पातळ आणि चांगली जड असते. म्हणून वाट मोकळी असली की मी हात वर करायचा, मगच फेकायचं. तरीही फेकल्यावर कुणी मध्ये आलंच, तर गोल्फच्या रीतीप्रमाणे 'सांभाळा' या अर्थानं ओरडायचं, "फोर!"

मुलुंडमध्ये फोर म्हणजे चौकार. मी पहिल्यांदा ओरडले तेव्हा वाटेवरच्या सगळ्या बायका थांबून चेंडू कुठून येतोय ते शोधायला लागल्या. एकीनं टाळ्याही वाजवल्या. रोज चालायला येणारे एक मालवणी काका होते, बँकेतून निवृत्त झालेले. ते तर दर वेळी अंपायरसारखा हात डावीकडे-उजवीकडे हलवून चौकार द्यायचे. आम्ही सगळे हसायचो. तोही हसायचा, आणि हसताना माझ्याकडे बघायचा. तेवढ्यासाठी मी पुढच्या रविवारची वाट बघायचे.

मग एका रविवारी काका चौकार देत असतानाच चकती येऊन त्यांच्या त्याच मनगटावर बसली.

मनगट टम्म सुजलं. चालणारी मंडळी जमली.

"आज हात आहे, उद्या डोळा गेला म्हणजे?"

"बाग चालायची आहे की थाळ्या फेकायची?"

"अरे, मुलगी ओरडली होती ना!"

"ओरडली म्हणून तर हे थांबले!"

हे खरंच होतं. आमचा इशाराच लोकांना जागेवर खिळवत होता. तो मान खाली घालून सॉरी म्हणत होता. काकांच्या एका तक्रारीवर सगळं संपलं असतं. माझे रविवार संपले असते. मी काकांच्या हातावर कँटीनमधला बर्फ धरून उभी होते.

काकाच बोलले. "गो बाय, तुमचो खेळ बरो आसा. पण माझ्या टकलेक लागलां असतां तर? फोर काय फोर! आमच्या सोसायटीत नारळ पाडतत तेव्हा वॉचमन काय आरडता? नारळ! मग कोण वर बघता काय? टकलेर हात घेऊन पळतत."

"मग मी नारळ ओरडू?" मी विचारलं.

"आरड! पण जरा जोरात. आता आरडतंस ती मांजरी म्याव करता तशी."

सगळे हसले. तक्रार झाली नाही. तिसरी टोपलीही त्यानं वाटेपासून जरा लांब सरकवली, पण वाट मध्येच राहिली.

पुढचे काही रविवार मी "नारळ!" असं बेंबीच्या देठापासून ओरडले. लोक खरोखरच डोक्यावर हात घेऊन बाजूला व्हायचे. बागेत त्या भागात एकही माड नव्हता, पण सवय पक्की होती. तो लांबून अंगठा दाखवायचा. चहाच्या टपरीवर मला म्हणाला, "झकास ओरडतेस यार. इतकी वर्षं कुठे होता हा आवाज?" मी आणखी दोन चहा सांगितले.

मग एक लहान मूल आलं. आईचा हात सोडून कुंपणाखालून एकदम वाटेवर. मी हात वर केलेला होता, त्यानं चकती सोडलेली होती. मी ओरडले. मुलानं थांबून आनंदानं वर पाहिलं, नारळ कुठे आहे ते शोधत. चकती त्याच्या केसांवरून गेली. केस हललेले मी पाहिले.

आईला काही कळलंच नाही. "चल, नारळपाणी घेऊ," म्हणत ती त्याला घेऊन गेली. कुणी तक्रार केली नाही, करायला कुणी पाहिलंच नव्हतं. आम्हा दोघांशिवाय.

तो माझ्याजवळ आला. "बास," तो म्हणाला. "आपण कितीही ओरडलो तरी हे नाही बरोबर."

"कुणाला काही कळलं नाहीये," मी म्हणाले. मला ते म्हणायचं नव्हतं, पण तेच बाहेर आलं.

"आपल्याला कळलंय ना."

त्याच दिवशी त्यानं टोपल्या उपटून टेम्पोत घातल्या. वेगळं काही केलं असतं तर मला तो इतका आठवला नसता, आणि नेमकं हेच केल्यामुळे तो रविवारी दिसेनासा झाला. टेम्पो निघताना म्हणाला, "बदलापूरकडे एक माळ मिळतोय. येशील?"

"बघते," मी म्हणाले.

आपल्याकडे 'बघते' म्हणजे नाही. माझं 'बघते' म्हणजे तसं नव्हतं, पण ते समजावायला आणखी एक वाक्य लागलं असतं. तो "बरं" म्हणाला आणि पुढच्या सीटवर चढला.

महिन्याभरानं त्यानं फोटो पाठवला. सुकलेल्या गवताचा उतार, लांब लांब रोवलेल्या टोपल्या, माणूस एकही नाही. खाली लिहिलं होतं, 'इथे मध्ये कुणीच येत नाही. बिनधास्त फेकता येतं.'

फोटो मी मोठा करून बघितला. त्यानं जागा अगदी बरोबर निवडली होती. प्रत्येक टोपली फेकणाऱ्याला सरळ दिसत होती, कुठेही वळण नव्हतं, कुणाला उभं करावं लागेल अशी एकही जागा नव्हती.