डाळ शिजवा, म्हणाले

तिसऱ्या शिट्टीला सूनबाई कुकर बंद करायला जाते आणि मी दर वेळी म्हणते, "होऊ दे गं अजून एक." नाशिकच्या या फ्लॅटमध्ये तूरडाळीचा वास सुटला की मी निफाडजवळच्या आमच्या गावात जाऊन पोचते.

विधानसभेची निवडणूक होती. आम्हा बायांना शिवण शिकवणाऱ्या शोभाताई अपक्ष उभ्या होत्या, चिन्ह कुकर. एका संध्याकाळी चौकात समोरच्या उमेदवाराची सभा भरली. माझे सासरे पहिल्या रांगेत, आम्ही बाया ओट्यांवर. तो उमेदवार हसत म्हणाला, "कुकर विधानसभेत काय करणार? बायांनी घरी जाऊन डाळ शिजवावी!"

पुरुष खो खो हसले. मी शेजारच्या मंदाला म्हटलं, "चल, शिजवू."

डाळ धुतली, हळद टाकली, झाकण लावलं. पहिली शिट्टी माझ्याच घरातून गेली. मग मंदाची, मग चौकाभोवतीच्या घराघरांतून. तो थांबायचा, पुन्हा तोंड उघडायचा, की पुढची शिट्टी! शेवटी लोक त्यालाच हसायला लागले. तेव्हा मला ती नुसती खोडी वाटली होती. आज वाटतं, आयुष्यातलं पहिलं भाषण मी त्या दिवशी केलं.

शोभाताई पडल्या, पण आमच्या गावात कुकरच पहिला आला. कुकर पहिला येणार, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. सासरे सभेवरून परतले, हातपाय धुऊन पाटावर बसले. मी दाराआड, जीव मुठीत धरून.

"वाढ," ते म्हणाले. "आन् मशिनीवर कुकर कितव्या नंबरला हाय, ते सांग."