गुरामीची सोबत

मुलाने काचेच्या टाकीत गुरामी मासे आणले. त्या शेवाळी पाण्याच्या वासाने मला माधवनगरच्या आमच्या परसातली पाणी साठवायची दगडी डोणी आठवली.

लढाईच्या दिवसांत सैन्यातला दादा रजेवर आला, तो कलकत्त्याहून बरणीतून गुरामीची जोडी घेऊन. पोटाखालच्या दोऱ्यांसारख्या मिशांनी ते मासे हळूच सगळं चाचपायचे. जाताना दादा म्हणाला, "यांच्यात दांडगा मासा सोडू नको. मी येईपतुर सांभाळ."

आठवड्याभरात आमच्या चुलत्यांनी, आबांनी, डोणीत हातभर लांबीची मरळ मासळी आणून सोडली. पाणी निवळ राहावं म्हणून मरळ सोडायची आमच्याकडे रीतच होती.

"आवं आबा, ती खाईल त्यास्नी!"

"खुळी का काय तू? सोबत हुईल की!"

सकाळी डोणीत एकटी मरळ फिरत होती.

पुढच्या रजेत आबांनी ती दादाला कौतुकाने दाखवली. "बघ रं, पाणी कसं हाय!"

दादाने डोणीत वाकून बघितलं. मग म्हणाला, "लय झ्याक, आबा." मी पाय आपटत आत गेले.

लढाईवरून आलेल्या माणसाला घरात भांडण नको असणार, हे आज कळतं. राग मात्र गेलेला नाही. मुलाच्या टाकीवर मी कागद चिकटवला आहे: मला विचारल्याशिवाय एकही मासा सोडू नये.