तिसऱ्या गाण्यातल्या दोन हाका

इथले अनुभव मी दोन वर्षांपासून वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. खरं सांगायचं तर मी ते हसण्यासाठी वाचायचो. बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच... त्यामुळे भूत, चकवा या गोष्टी गावातच सोडून आलो असं मला वाटायचं. म्हणजे, तसं वाटणं मला गरजेचं होतं. का ते पुढे कळेल. लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

गाव सुरगाणा तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळ. शाळेत गुरुजींनी माझं नाव योगेश लिहिलं, पण घरी मी बुध्या. बुधवारी जन्मलो म्हणून. मोठा भाऊ सोमवारचा, म्हणून सोम्या. त्याला मी दादा म्हणायचो. नाशिकमध्ये माझं हे घरचं नाव कुणालाच माहीत नाही. हॉस्टेलवरच्या रूममेटला नाही, अनिकेतलाही नाही.

अनिकेत माझा प्रॅक्टिकलचा पार्टनर. राहायला सिडकोत, वडील अंबडच्या एका कंपनीत. त्याला जुन्या डेथ मेटलचं वेड आहे. ज्यांनी हे ऐकलं नसेल त्यांच्यासाठी — या संगीतात गाणारा गात नाही, घशाच्या तळातून गुरगुरतो, त्याला ग्राउल म्हणतात. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या पोरांनीही असे बँड काढले होते. शेडमध्ये रेकॉर्डिंग करायचं, पंचवीस-तीस कॅसेट काढायच्या आणि मित्रांत वाटायच्या. अनिकेत अशा विसरलेल्या कॅसेट शोधतो, कॉम्प्युटरवर घेतो आणि नेटवर टाकतो.

त्याने पहिल्यांदा हेडफोन माझ्या कानाला लावला तेव्हा मी घाबरलो, मग आवडलं. वर्गात मी तोंड उघडलं की कुणीतरी हसतं, माझ्या बोलण्यात गाव येतं म्हणून. इथे कोणाचंच बोलणं कोणालाच कळत नव्हतं. मला ते बरं वाटलं.

गेल्या ऑगस्टमध्ये गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात, भंगारवाल्याच्या गोणपाटावर आम्हाला एक कॅसेट सापडली. बँडचं नाव लिहीत नाही, त्यातले लोक अजून शहरात आहेत. लेबलवर बॉलपेनने चार गाणी लिहिलेली. अनिकेत नाचायचाच बाकी होता. "योग्या, आपल्या नाशिकचा बँड! आपल्या सातपूरचा! कुणाकडे नाहीये भाई हा!"

त्याच्या खोलीत आम्ही पेन्सिलने रीळ सरळ करून ती लावली. पहिली दोन गाणी नेहमीसारखी. तिसऱ्यात, दोन-अडीच मिनिटांनी वाद्यं थांबतात. मग खूप खोलातून एकच शब्द. मग शांतता. पुन्हा तोच शब्द. मग त्याहून लांब शांतता, आणि वाद्यं परत सुरू.

"बरी या!" अनिकेत ओरडला. "ऐकलंस? बरी या... बरी या. म्हणजे इंग्रजीत, तुला जमिनीत पुरतो, असं म्हणतोय. कडक!"

तो शब्द बुध्या होता.

आता मला जे कुणाला सांगितलेलं नाही ते सांगावं लागेल.

आमच्याकडे एक नियम आहे. भर दुपारी किंवा दिवस बुडताना हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा हाक मारतो. जे माणूस नाही, ते दोनदाच बोलावतं, आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं. आईने हे मला बोटं मोजून शिकवलं होतं.

मी नऊ वर्षांचा होतो. एप्रिल महिना, दुपारचे बारा-साडेबारा. दादा विहिरीत उतरला होता. उन्हाळ्यात आमची विहीर आटते, खाली उतरून वाटीने पाणी भरावं लागतं. मी विहिरीजवळच्या टेकाडाच्या पलीकडे करवंदं खात होतो. हाक आली — बुध्या! खालून आल्यासारखी, जाड, घोगरी. दादाचा आवाज तसा नव्हता. मी हात खिशात घालून बोट मोजलं. थोड्या वेळाने दुसरी हाक आली. दुसरं बोट. मग मी तिसरीची वाट बघत उभा राहिलो. बराच वेळ. ती आली नाही, म्हणून मी उलट्या बाजूने पळत घरी गेलो. आईचं ऐकलं म्हणून मनातून खूशही होतो.

चार वाजता पाण्याला गेलेल्या बायकांनी दादाला बघितलं. विहिरीच्या तळाशी दगडावर पडला होता. सगळ्यांनी आईला सांगितलं की पडल्याबरोबर गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. आई आजही तेच धरून आहे. आणि मी हे धरून आहे की ती हाक दादाची नव्हतीच. ते दुसरं काहीतरी होतं. दोनदाच बोलावणारं.

म्हणून म्हटलं, ते पुन्हा बोलावेल या भीतीने न मानणं मला गरजेचं होतं... आणि ही एकच गोष्ट मानणंही.

पुढच्या रविवारी अनिकेतने त्या बँडचा ड्रमर शोधून काढला. पन्नाशीचे गृहस्थ, नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ बॅटरीचं दुकान. कॅसेट बघून ते आधी खूप हसले. "ही बाजारात मिळाली? म्हणजे आमच्या हिने रद्दीत दिली. तरी म्हणतो माळा एवढा रिकामा कसा झाला!"

"काका, तिसऱ्या गाण्याचे शब्द हवे होते," अनिकेत म्हणाला. "बरी या, बरी या. पुढे काय आहे?"

"तिसऱ्याला शब्द नाहीत रे. आमच्या गायकाला त्या दिवशी सेकंड शिफ्ट लागली, तो आलाच नाही. आम्ही नुसतं वाजवलं. मधे जागा सोडली होती त्याच्यासाठी, ती तशीच राहिली."

अनिकेतने पहिल्या दिवशी मोबाईलवर घेतलेली क्लिप त्यांना ऐकवली. दुसऱ्या हाकेला त्यांनी कानातून इयरफोन काढला.

"हा आवाज आमचा नाही," ते म्हणाले. मग गिऱ्हाईक आलं म्हणून उठले. जाताना म्हणाले, "टेपवर टेप चढली असेल. जुन्या कॅसेटचं असं होतं."

मीही तेच धरलं. टेपवर टेप. पण ही कॅसेट भरली तेव्हा माझा जन्म झाला नव्हता. दादाचाही नाही.

चार दिवसांनी, दुपारी एकच्या सुमाराला, अनिकेत तिसरं गाणं पुन्हा कॉम्प्युटरवर घेत होता. कॅसेट डेकची वायर थेट लॅपटॉपला, खोलीत माईक नाही. हे मुद्दाम सांगतोय. त्याच्या आईने खालून दूध आणायला सांगितलं. "योग्या, हात लावू नको हां कशाला. आदिवासी भागातला लेका तू, पेटवून देशील डेक," असं म्हणून हसत गेला. तो मनाने वाईट नाही. असंच बोलतो.

मी हेडफोन लावला. वाद्यं थांबली.

बुध्या.

मी बोट मोजलं. आपोआप.

बुध्या.

यावेळी मला ऐकू आलं की आवाज जाड का आहे. तोंडात पाणी किंवा रक्त असलं की तसा येतो. खाली विहिरीचा तळ असला की घुमतो. आवाज दादाचाच होता. मी तिसरीची वाट बघितली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा, त्या रिकाम्या खोलीत, मी मोठ्याने म्हणालो, "ओ... ओ दादा."

शांतता होती तिथेच राहिली. टेपची बारीक खरखर. मग अगदी जवळून, न ओरडता, आमच्या घरच्या बोलीत —

"आता कसाला?"

आता कशाला. एवढंच. चिडून नाही... पंगतीत उशिरा आलेल्याला सांगतात तसं. मग वाद्यं सुरू झाली.

अनिकेत परत आला तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो. त्याने ती फाईल मागे नेऊन ऐकली आणि टाळीच वाजवली.

"च्यायला, हे आधी कसं सुटलं आपल्याकडून? अ टॉर्चर्ड सोल! छळलेला आत्मा! बरी या, बरी या, अ टॉर्चर्ड सोल. योग्या, काय लिरिक्स आहेत!"

"अनिकेत, हे टाकू नको."

"का?"

कारण सांगितलं असतं तर घरचं नाव सांगावं लागलं असतं, मग हाकाही सांगाव्या लागल्या असत्या. "नको ना," एवढंच म्हणालो.

"तुला ग्राउल करता येत नाही म्हणून जळतोस," तो म्हणाला. संध्याकाळी त्याने ते टाकलं, शब्दांसकट. खूप लोकांनी ऐकलं. एकाने खाली लिहिलंय की आजकालचे गायक नाटक करतात, या माणसाची वेदना खरी वाटते. दुसऱ्याने तेवढाच तुकडा कापून रिंगटोन केलाय. वर्गात अनिकेतच्या मोबाईलवर तोच वाजतो. दिवसातून चार-पाच वेळा माझा भाऊ मला हाक मारतो आणि पोरं माना हलवतात.

ड्रमरकाकांना ऐकवलेली पहिल्या दिवशीची क्लिप माझ्याकडेही आहे. मी ती शंभरदा ऐकली. तिच्यात दोन हाका आहेत, आणि पुढची जागा रिकामी आहे. मूळ कॅसेटवर आता ती जागा रिकामी नाही.

फिजिक्सच्या सरांना मी आडून विचारलं होतं. ते म्हणाले, अस्पष्ट आवाजात मेंदू ओळखीचं शोधतो. बरोबर आहे. पण मग माझ्या मेंदूने "ओ दिलीस, बरं झालं" असं का नाही शोधलं? कुणाकडे उत्तर असेल तर लिहा... पण टेपवर टेप चढली असेल, एवढं लिहू नका.

दिवाळीत गावी गेलो. वणीला गाडी बदलून जीपने पोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात बसलो होतो, आईने चुलीपासून हाक मारली. "बुध्या!"

"ओ," मी लगेच म्हणालो.

ती पिठाच्या हाताने बाहेर आली, चेहरा उतरलेला. पाठीत एक धपाटा घातला आणि मग तोच हात माझ्या डोक्यावरून फिरवला.

"पयल्या हाकेला ओ देतोस? भर दुपारचा? शिकून सारं इसरलास?" ती म्हणाली. "अरे, माझं ऐकत आलास म्हणून तर तू तरी राहिलास मला."