अकरा मिलिमीटर

पाटोद्यात वाहेदभाईंना सगळे एक्सरेवाले म्हणत, पण त्यांचा जीव अडकलेला मानेत. मानेचा फोटो हातात आला, की टाळूच्या हाडापासून कवटीच्या मागच्या बुडापर्यंत ते पेन्सिलीनं रेघ ओढत आणि मानेच्या दुसऱ्या मणक्याचं टोक रेघेच्या किती वर घुसलंय ते मोजत. पाच मिलिमीटरपर्यंत खैर असते. डॉक्टर त्यांना हसत, "शिंप्याचा धंदा कर रे," म्हणत, आणि मग त्याच रेघेवरून रिपोर्ट लिहीत.

गेल्या दसऱ्याला सुंदरराव मुकादम आपल्या टोळीतल्या चतुराबाईला घेऊन आला. टोळी ऊसतोडीला निघायची होती आणि बाईच्या हातांना मुंग्या येत होत्या. वाहेदभाईंनी मोजलं, अकरा. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. अकराच.

आता आपल्याकडचा रिवाज असा, की बाईच्या दुखण्याचं बोलायचं ते तिला आणणाऱ्या पुरुषाशी. बाई बसणार बाहेर बाकड्यावर. वाहेदभाईंनीही तेच केलं. सुंदरराव काही परका नव्हता. वीस वर्षं दर ईदला त्यांच्याच ओट्यावर शिरखुर्मा प्यायला होता.

"हिच्या डोक्यावर मोळी देऊ नको, सुंदरराव. लुळी पडंल. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात ने."

"ती मला बहिणीवानी हाय बे. मीच नेतो," म्हणत सुंदररावानं फोटो आणि रिपोर्ट काखेत मारला. वाहेदभाई निर्धास्त झाले, हेच त्यांचं चुकलं.

पौषात चतुराबाई आली ती नवऱ्याच्या पाठीवर. हातात पेला ठरत नव्हता, पाय ओढत होता. वाहेदभाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"मोळी कावून उचलली, बाई? संभाजीनगरला न्हाई गेल्या?"

"कशाला जाऊ? मुकादम म्हनले, वाहेदभाईनं बघितलंय. काई न्हाई, नुसती नस धरली हाय."

वाहेदभाईंनी तिथल्या तिथं सुंदररावाला फोन लावला. तो जराही अडखळला नाही. "माणसं कमी पडत होती बे. तू तर समजून घे."

म्हणजे दोस्तानं केसानं गळा कापला होता, आणि वर समजूतही मागत होता. वाहेदभाईंनी फोन आपटला. "बाई, खोटं हाय ते. म्या असं म्हनलोच न्हवतो."

चतुराबाईनं त्यांच्याकडं बघितलं.

"मुकादमावर मी कवाच इस्वास ठिवत न्हाई, भाई. तुमचं नाव घेतलं म्हून उचलली मोळी. मी भाईर बाकड्यावरच व्हते की."