बाळारामच्या हातातला ट्रे

तुम्ही कधी मुलगी बघायला गेला असाल, तर एक सांगा... तिथला चहा कोणी केला होता, आणि नवरा मुलगा तेव्हा काय करत होता? गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता ना? माझा रूममेट बाळाराम तसा बसला नाही. गेल्या महिन्यात तो गेला. पुरानंतर शेजाऱ्यांच्या घरातला चिखल उपसला, मग आलेला ताप अंगावर काढला. फोनवर सुवर्णावहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले." मी एका पत्रकाचा मजकूर तपासत होतो. ते पत्रक अजून तसंच पडलं आहे.

महाडला आम्ही एका खोलीत राहायचो. बाळाराम पोलादपूरकडच्या वाडीतला, एमआयडीसीत शिफ्टवर ऑपरेटर. हिरकणीवाडीला रायगडच्या रोपवेजवळ चहा-नाश्त्याचं दुकान टाकायचं त्याचं स्वप्न. माझं स्वप्न समाज बदलायचं. वडील कामगार संघटनेतले, त्यामुळे मी बाराखडीसुद्धा पत्रकांच्या पाठीवर गिरवलेली. माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर तो भजी निथळत ठेवायचा. मी चिडलो की म्हणायचा, "तुझं पत्रक तेल चांगलं पितं रे. कोन वाचत नाय, निदान कामाला तरी येतंय."

मेडिकलच्या दुकानात काम करणाऱ्या सुवर्णावर त्याचं मन बसलं. डोकं दुखत नसताना इतक्या गोळ्या आणल्या, की शेवटी तीच म्हणाली, घरी येऊन विचार. वडील नाही म्हणाले तर ती पळून येणार नव्हती, हेही तिने साफ सांगितलं. ते मुंबईत नोकरी करून वीरजवळच्या गावी परतलेले, कडक गृहस्थ. बाळारामला आईवडील नव्हते. वडीलधारा म्हणून मीच गेलो. रिक्षात त्याने बजावलं, "तिथं भाषण नको. नुसता बस."

बसलो. पण वडिलांनी आत हाक दिली, "सुवर्णा, चाय टाक गो," आणि माझ्या तोंडून गेलंच, "तिने का? लग्न ह्याला करायचंय, चहा ह्याला टाकू दे."

वडिलांनी चष्मा काढला. "हा कोण?"

"रूममेट हाय," बाळाराम म्हणाला. "जन्मापासून असाच हाय." माझ्याकडे त्याने असं बघितलं, की तेल तापलेलं असतं तर मलाच सोडलं असतं. मग उठला, टीपॉयवरचा रिकामा ट्रे उचलला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला.

बाहेर मी आणि ते. मी स्त्री-पुरुष समतेवर बोलू पाहिलं. त्यांनी पंखा वाढवला. आतून आधी भांड्यांचा आवाज, मग गवती चहाचा वास, मग हसणं... सुवर्णाच्या आईचा आवाज स्पष्ट आला, "आमच्या ह्यांना शेगडी कुठं हाय ते पन नाय ठावं." बाळाराम ट्रे घेऊन बाहेर आला, मागून सुवर्णा, रिकाम्या हातांनी. वडिलांनी घोट घेतला, कपाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "पोरगा पसंत हाय," ते म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "पन लग्नात ह्याच्या हातात माइक द्यायचा नाय."

तो ट्रे सासूबाईंनी जावयाला दिला. खोली सोडताना त्याने तो माझ्याकडेच ठेवला. "तुझ्या वेळंला लागंल. तू बोलू नको, नुसता ट्रे धर." दुकान मात्र राहूनच गेलं...

तेराव्याला मी ट्रे घेऊन गेलो. माणसं जमली होती. सासूबाई चहासाठी उठू लागल्या, तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते आत गेले. बराच वेळ खुडबुड. मग हाक आली, "ओ भाषणवाले, गवती चहा किती टाकायचा असतो?" मी आत गेलो, ट्रे धरला. चहा अतिशय वाईट झाला होता. सगळ्यांनी प्यायला.

आता लग्नसराई येईल. माझी मागणी एकच आहे: मुलगी बघायला जाल, तेव्हा चहा करायला नवऱ्या मुलाला आत पाठवा. ट्रे हवा तर माझ्याकडून न्या. फक्त धुऊन परत आणा. तो बाळारामचा आहे.